तीन खुणा सांगा

आमच्या घरात वस्तू हरवत नाहीत, जमा होतात. जिन्याखाली एक पत्र्याची पेटी आहे. कुणाचा मोजा खुर्चीखाली दिसला, कुणाची पट्टी जेवणाच्या टेबलावर राहिली, की ती उचलून पेटीत टाकली जाते आणि पेटीला कुलूप लागतं. सोडवून घ्यायची असेल तर अर्ज करायचा. अर्ज म्हणजे जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचे चौकोन, दोरीत ओवून पेटीलाच टांगलेले. त्यावर लिहायचं की वस्तू कोणती, शेवटची कुठे पाहिली आणि ओळखीच्या तीन खुणा काय. दोन खुणा चालत नाहीत. रडलेलं तर मुळीच चालत नाही.

हा कायदा आमच्या ह्यांचा. हे बस डेपोत नोकरीला आहेत. लोक बसमध्ये जे काही विसरतात, ते दिवसभरात ह्यांच्या खोलीत येऊन पडतं. छत्र्या, डबे, पुस्तकं, एकदा कुणाची तरी कवळी, एकदा एक नवीकोरी बादली आणि बादलीत झोपलेलं मांजर. एकोणीस वर्षं हे त्या खिडकीमागे बसले आहेत आणि एकोणीस वर्षांत एकही वस्तू भलत्याच्या हातात गेलेली नाही. कुणी विचारलं नाही तरी हे ते सांगतात.

समोर कोणी का असेना, खुणा हव्यात म्हणजे हव्यात. डेपोत तिकीटखिडकीवर एक बाई आहेत, ह्यांची सुट्टी असली की ह्यांच्या जागी त्याच बसतात. रोज दुपारचा चहा दोघं एकत्र पितात. एकदा त्यांची छत्री बसमध्ये राहिली. फळीवर ठेवलेली डोळ्यांना दिसत होती.

"ती काय, ती काळी," बाई म्हणाल्या.

"काळ्या एक्केचाळीस आहेत. खुणा सांगा," हे म्हणाले.

बाई तीन दिवस डोक्यावर वर्तमानपत्र धरून घरी गेल्या. चौथ्या दिवशी त्यांना आठवलं की मुठीवर नातीने दाताने चावून खड्डे पाडले आहेत. तेव्हा कुठे छत्री सुटली. चहा चालू राहिला, पण बाई ती गोष्ट विसरल्या नव्हत्या.

घरातही मला सवलत नाही. मी औषधांच्या दुकानात काम करते. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून माझे डोळे गेले आहेत. एका सकाळी माझा चष्मा कपडे धुण्याच्या मशीनवर राहिला आणि पेटीत गेला. आता चष्म्याशिवाय अर्ज दिसेना आणि अर्जाशिवाय चष्मा मिळेना. मी अंदाजाने लिहिलं, ते नेमकं कॅलेंडरच्या छापील बाजूवर, अख्ख्या ऑगस्ट महिन्यावरून.

"अक्षर लागत नाही," हे म्हणाले.

मी म्हटलं, "दुकानात चला माझ्याबरोबर, तिथे सगळ्यांना लागतं."

चष्मा मिळाला. पण त्या दिवशी ह्यांना डबा दिला तो रिकामा, आणि आत चिठ्ठी: 'भाजीच्या तीन खुणा सांगा.' दोन दिवस घरात अतिशय शांतता होती.

मुलं दोन. थोरली बारा वर्षांची, बापाच्या वळणावर गेलेली. तिच्या कंगव्यावरसुद्धा नावाची चिठ्ठी चिकटवलेली असते. धाकटा आठ वर्षांचा, आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शाळेत जायला लागल्यापासून त्याने पाण्याच्या सात बाटल्या घालवल्या आहेत. रंगपेट्या, रुमाल, टोप्या आम्ही मोजणं सोडून दिलं. एकदा तर एकच बूट घालून घरी आला.

"अरे, एक बूट कसा हरवतो?" मी कपाळाला हात लावला.

"दुसरा पायात होता ना, म्हणून वाचला," तो म्हणाला. वर तोंड करून, जसं काही मी त्याचं कौतुक करायला हवं होतं.

त्याचे अर्ज मी जपून ठेवले आहेत. एकावर लिहिलंय, 'वस्तू: मोजा. खुणा: १. एक आहे. २. दोन असायला हवे होते. ३. वास.' दुसऱ्यावर, 'वस्तू: गृहपाठाची वही. खुणा: १. निळी. २. कोपरा कुत्र्याने खाल्लेला. ३. आत कोरी.' ही तिसरी खूण वाचून ह्यांनी वही बाजूला ठेवली आणि पोराला घेऊन बसले.

पाच वर्षांचा असताना तर हा पठ्ठ्या स्वतःच हरवला होता. बाजारात मी टोमॅटो निवडत होते, हात सुटला, वळून पाहते तर पोर नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. गल्ल्या पालथ्या घातल्या, दुकानादुकानात विचारलं. आणि हा काय करतो? समोर उभ्या असलेल्या बसमध्ये चढतो आणि कंडक्टरला सांगतो, "मी हरवलोय. मला माझ्या बाबांच्या खिडकीवर सोडा." हरवलेलं सगळं तिथेच जातं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ह्यांनी फोन केला तशी मी धावत डेपोत गेले. खिडकीमागे हे खुर्चीवर बसलेले आणि मांडीवर धाकटा, चहात बिस्किट बुडवून खातोय. मला हुंदका आवरेना. ह्यांनीही पोराला घट्ट कवटाळलं होतं, मला दिसत होतं ना. पण जित्याची खोड! माझ्याकडे बघून ह्यांच्या तोंडून निघालंच, "खुणा?"

मी म्हटलं, "घ्या लिहून. एक, डाव्या गुडघ्यावर खपली. दोन, पुढचा दात पडलेला. तीन, बाप ठार वेडा."

तिसरी खूण डेपोतल्या सगळ्यांनी ताबडतोब मान्य केली.

तर हे असं घर. आणि अशा घरात यंदा शाळेच्या प्रदर्शनाचा विषय आला: 'माझ्या घरातल्या माणसाचं काम.' ज्याने त्याने छोटी प्रतिकृती करून आणायची. धाकट्याच्या वर्गशिक्षिकांनी मला बोलावून घेतलं. मागच्या खेपेला त्याने केलेला नकाशा वाटेत हरवला, पुन्हा केला तोही हरवला. "या वेळी मी त्याला टेबल दिलंय," त्या म्हणाल्या, "पण अकरा वाजेपर्यंत टेबल रिकामं दिसलं तर ते दुसऱ्याला जाईल. आणि पुढच्या वर्षी मी त्याचं नाव घेणार नाही. बाकीची मुलं हसतात हो त्याला." त्या वाईट नव्हत्या. मुलं हसतात हे मला घरी कुणी सांगितलं नव्हतं.

धाकट्याने बाबांची खोली करायची ठरवली. बुटाच्या खोक्यात. मागच्या भिंतीला पुठ्ठ्याच्या फळ्या, पुढे खिडकी, फळ्यांवर वाटाण्याएवढ्या वस्तू, मातीच्या, मण्यांच्या, काडेपेटीच्या काड्यांच्या. रोज शाळेतून आला की खोका काढून बसायचा. उठला की खोका कपाटाच्या वर, स्टुलावर चढून. बारा दिवस! ज्या पोराच्या हातात बाटली बारा तास टिकत नाही, त्याने तो खोका बारा दिवस सांभाळला. माझा ऊर भरून येत होता, पण मी बोलले नाही, नजर लागायची माझीच.

हे कामावरून आले की धाकटा खोका पुढे करायचा. "बाबा, बघा ना."

हे उभ्या उभ्या वरून बघायचे. "फळ्या तीनच? आमच्याकडे चार आहेत. आणि नोंदवही उजवीकडे असते रे, डावीकडे नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "बाबा, आज बघा ना."

"चौथी फळी लावलीस का? मग लाव आधी."

चौथी फळी खोक्यात मावतच नव्हती. धाकट्याने ते सांगितलं नाही, मान डोलावली आणि खोका पुन्हा वर ठेवला.

प्रदर्शनाच्या दिवशी ह्यांनी रजा टाकली, मीही टाकली. थोरली शाळेत सकाळीच गेली होती, टेबल अडवून धरायला. आम्ही तिघं निघालो. दारात धाकट्याने खोका उचलला, दोन्ही हातांनी, पोटाशी धरून.

"आण इकडे," हे म्हणाले. "मी घेतो. तू हरवशील."

"नाही हरवणार, बाबा."

"सात बाटल्या कुणी हरवल्या? आण. आणि पोहोचेपर्यंत हात लावायचा नाही."

मी म्हटलं, "अहो, घेऊ दे ना त्याला." पण एकोणीस वर्षांच्या अनुभवापुढे माझं काय चालणार? खोका ह्यांच्या मांडीवर गेला. धाकटा माझ्याशेजारी, ह्यांच्या मागच्या बाकावर, रिकाम्या हातांनी बसला. गळ्यात तेवढी आठवी बाटली होती.

बस नेहमीची, नऊ नंबरची. शाळेचा थांबा यायला एक थांबा उरला होता. एक आजोबा पुढच्या दाराने उतरले आणि ह्यांनी मान ताठ केली. मी ती मान ओळखते. आजोबांच्या जागेवर एक छत्री पडली होती.

पुढे काय झालं ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं. ह्यांनी खोका बाकावर ठेवला, झडप घालून छत्री उचलली आणि "अहो आजोबा! अहो, छत्री!" असं ओरडत खाली उडी टाकली. आमचा माणूस उतरला म्हणून मीही धाकट्याचं मनगट धरून मागच्या दाराने उतरले. धाकटा ओढत होता. "बाबा, खोका... बाबा!"

"थांब रे जरा!" हे पळता पळता ओरडले.

बस गेली.

हे आजोबांना गाठून धापा टाकत छत्री पुढे करत होते. आजोबांनी छत्रीकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. "माझी नाही हो. मी छत्री वापरतच नाही."

मग हे वळले. ह्यांच्या हातात कुणाची तरी छत्री, बस कोपऱ्यावरून दिसेनाशी झालेली, आणि रस्त्याच्या कडेला आमचा धाकटा. तो रडत नव्हता. "मी हात लावला नाही," एवढंच म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं ना."

माझ्या जिभेवर इतकं काही आलं होतं की कुठून सुरुवात करावी कळेना. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि सगळं गिळलं. तो चेहरा मी रोज दुकानात बघते, आजार स्वतःचा निघाला की लोकांचा होतो तसा. घड्याळात सव्वादहा झाले होते. नऊ नंबर पुढे तीन थांब्यांवर डेपोतच संपते. रिक्षा मिळेना म्हणून आम्ही पळालो. हे सगळ्यांत पुढे, छत्री भाल्यासारखी धरून.

डेपोत पोहोचलो तर खिडकीमागे तिकीटवाल्या बाई बसलेल्या. त्यांच्या मागे, मधल्या फळीवर, दोऱ्याने बांधलेला बुटाचा खोका. नऊ नंबरच्या कंडक्टरने नुकताच आणून दिला होता.

"तो, तो खोका," हे म्हणाले. "आमचा आहे. द्या लवकर."

बाईंनी हळूच चष्मा लावला. टेबलाच्या खणातून एक अर्ज काढला, तो सरळ केला, पेनाचं टोपण उघडलं. इतक्या सावकाश टोपण उघडलेलं मी आजवर पाहिलं नाही.

"खुणा सांगा."

"अहो बाई, मी आहे!"

"दिसतंय. तुम्हीच शिकवलंय मला, समोर कोणी का असेना. तीन."

मला खरं तर हसू यायला हवं होतं. पण साडेदहा होऊन गेले होते आणि धाकट्याने खिडकीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"बुटाचा खोका आहे," हे म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. आत काय?"

"ही खोली. आपली. त्यात... फळी एक कमी आहे. तीनच आहेत."

"अजून?"

"नोंदवही चुकीच्या बाजूला आहे."

"अजून?"

हे नुसते फळीवरच्या खोक्याकडे बघत राहिले. एक्केचाळीस काळ्या छत्र्या ओळखणारा माणूस, पोराने बारा संध्याकाळी पुढे केलेला खोका आठवत उभा होता आणि त्याला काही आठवत नव्हतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी खुणा विचारल्या, साहेब. या चुका झाल्या." पण असं बोलताना बाईंचाच आवाज उतरला. त्यांनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं. "तुला माहीत आहेत का रे?"

धाकट्याने होकाराची मान हलवली. हाच पोरगा घरी मोज्याची खूण 'वास' लिहितो. इथे तो टाचा उंचावून, एक एक शब्द ठेवत बोलला.

"एक. खिडकीच्या बाहेर छोटं स्टूल आहे. खरं नाहीये इथे, पण लहान मुलं आली तर त्यांना दिसत नाही, म्हणून मी ठेवलंय."

बाईंनी लिहून घेतलं.

"दोन. वरच्या फळीवर सात मणी आहेत. त्या माझ्या बाटल्या. बाबांनी सांभाळून ठेवल्यात, पण अजून मी खुणा सांगितल्या नाहीयेत."

बाईंनी तेही लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

"तीन. खिडकीच्या मागे बाबा बसलेत आणि त्यांच्या मांडीवर मी. मला दात नाहीये. पण ते वरून दिसत नाही. वाकून बघावं लागतं."

बाईंनी दोरा सोडला, झाकण काढलं आणि खोका टेबलावर ठेवला. हे वाकले. गुडघ्यावर हात ठेवून, अर्धे खाली, खिडकीच्या उंचीला डोळे आणून. छोट्या खिडकीमागे मातीचा एक माणूस होता, शर्टाच्या खिशात काडीचं पेन, आणि त्याच्या मांडीवर बोटाच्या पेराएवढं पोर, तोंड उघडं, पुढच्या दातांत एक फट. मातीच्या माणसाचे दोन्ही हात त्या पोराभोवती होते.

हे बराच वेळ वाकलेले राहिले. मी म्हटलं असतं की कंबर धरली असेल, पण मला माहीत होतं काय धरलंय ते. मीही चष्मा काढून पुसला.

"खुणा पटल्या," बाई म्हणाल्या. "सही करा. तुम्ही नाही, साहेब. वस्तू ज्याची, सही त्याची."

धाकट्याने सही केली, आयुष्यातली पहिली, अर्ध्या पानभर. ह्यांनी छत्री मुकाट्याने जमा केली आणि आम्ही बाहेर पडलो. बाहेर शाळेकडे परतणारी नऊ नंबर उभी होती. खोका आता धाकट्याच्या मांडीवर होता. हे शेजारी बसले आणि सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत राहिले, एकदाही खोक्याकडे मान वळवली नाही. काय त्रास झाला असेल बिचाऱ्यांना!

शाळेत पोहोचलो तेव्हा अकराला चार मिनिटं कमी होती. थोरली टेबलावर अक्षरशः आडवी पडली होती. टेबलाच्या कडेला कॅलेंडरचा चौकोन चिकटवलेला: 'वस्तू: भाऊ, खोक्यासह. शेवटचा घरी पाहिला. सापडल्यास इथेच आणून द्यावा.' वर्गशिक्षिकांनी धाकट्याच्या हातात खोका बघितला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

बक्षीस दातांच्या डॉक्टरांच्या मुलीला मिळालं. तिने केलेल्या जबड्याचे दात खरंच निघत होते, त्याला कोण काय करणार? पण आमच्या टेबलाशी दिवसभर गर्दी होती, कारण तिथे एक गृहस्थ उभे राहून येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवत होते. आयांना, आजोबांना, मुख्याध्यापकांना. "वरून नका बघू. वाकून बघा. अजून थोडं खाली. हां! दिसला? दात नाहीये बघा त्याला." मुख्याध्यापकांचं पोट बरंच मोठं आहे. त्यांनाही सोडलं नाही.

घरी आलो. धाकट्याने खोका जपून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि मग गळ्याकडे हात नेला.

"आई," तो म्हणाला, "बाटली शाळेत राहिली."

मी ह्यांच्याकडे बघितलं. थोरलीने सवयीने अर्जाचा चौकोन तोडून आणला. ह्यांनी तो बाजूला सारला. खुर्ची ओढली आणि हनुवटी टेबलाला टेकवून पुन्हा त्या खिडकीत बघत बसले.

धाकट्याला वाटलं, बाबा रागावले. तो जवळ जाऊन हळूच म्हणाला, "बाबा, चौथी फळी लावू का? मी जागा करतो."

"नको," हे म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. "आमच्याच खोलीत एक जास्त आहे. उद्या काढतो, स्टुलाला लाकूड होईल."